घरच्या वर्कशॉपमध्ये व्हॅक्यूम बॅगिंग: आधी गळती बघा, पंप नंतर

काचेचं किंवा कार्बनचं कापड इपॉक्सीत (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन) भिजवून साच्यावर नुसतं थापलं, तर थरांत बुडबुडे राहतात आणि रेझिनही जास्त बसतं. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चिकटवून आतली हवा ओढून घेतली की बाहेरची हवाच ते थर दाबते. समुद्रसपाटीला एक फूट बाय एक फूट तुकड्यावर हा दाब साडेनऊशे किलोपर्यंत जातो. (टेबल मोडत नाही, खालूनही हवा तितकीच रेटत असते.)

बहुतेकांचे पैसे पंपातच संपतात. खरं तर एसी मेकॅनिककडे असतो तो तेलाचा छोटा पंप घरच्या कामाला पुरतो. बराच वेळ हवा ओढत राहिला की तो तापतो आणि तेलाची वाफ सोडतो, म्हणून एक्झॉस्टची नळी खिडकीबाहेर काढा. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसरही चालतो, फक्त हवा फार हळू ओढतो. पण त्याच्या नळ्या स्वतः कापू नका. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो आणि तो पेटतो. गॅस मेकॅनिककडूनच काढून घ्या.

पंपाकडून पिशवीकडे जाताना क्रम असा ठेवा: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा उलट जाऊ न देणारा), रेझिन ट्रॅप (ओढलं गेलेलं रेझिन पंपात जाण्याआधी अडवणारं भांडं), कॉक आणि शेवटी व्हॅक्यूम दाखवणारं गेज. गेज कॉकच्या पलीकडे, पिशवीच्या बाजूलाच हवं, नाहीतर गळती कळणार नाही. ट्रॅपसाठी पाणीपुरवठ्याचा जाड ११० मिमी पीव्हीसी पाइप घ्या, ड्रेनेजचा पातळ नको. त्याला दोन्ही टोकांना एंड कॅप लावा. काचेची बरणी अजिबात नको, ती आत फुटते. नळी आत जाळी असलेली, जाड घ्या. पातळ नळी चपटी होऊन बसते.

पहिलं काम सपाट तुकड्याचंच करा. साचा म्हणून जाड काच उत्तम. काचेच्या कडेने दोन इंच पट्टीवर आधी मास्किंग टेप लावा, मग मधल्या भागावर मेणाचे तीन-चार हात द्या. मास्किंग टेप काढली की खाली कोरडी, स्वच्छ काच मिळते. पिशवीची टॅकी टेप (कडा हवाबंद करणारी चिकट पट्टी) तिथेच बसते, मेणावर ती धरत नाही.

पिशवी साच्यापेक्षा मोठी कापा. जास्तीची फिल्म साडीसारख्या निऱ्या करून उभी करा, प्रत्येक निरीच्या आत टॅकी टेपचा उभा तुकडा द्या आणि फिल्म दोन्ही बाजूंनी त्यावर दाबा. ताणून लावलेली पिशवी कोपऱ्यात पुलासारखी अधांतरी राहते आणि तिथे दाब पोचत नाही. नायलॉनची बॅगिंग फिल्म मिळाली नाही, तर खोलीच्या तापमानाला जाड पॉलिथिन चालतं.

आता रेझिन न लावता कोरडी चाचणी घ्या. ही पायरी कधीही गाळू नका. पंप चालवा, काटा स्थिरावला की कॉक बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. काटा २५ मिमीहून (पाऱ्याचे मिमी, गेजवरचं माप) जास्त उतरला तर गळती शोधा. नळीचा तुकडा कानाला लावून दुसरं टोक कडेने फिरवलं की सूं आवाज पकडता येतो. निरीचा पायथा आणि नळी आत शिरते ती जागा आधी तपासा. टेपखाली कापडाचा एक धागा अडकला तरी त्याच्यातून हवा येते.

गेज समुद्रसपाटीचे ७६० मिमी दाखवत नाही म्हणून पंपाला दोष देऊ नका. पुणं सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे चांगला पंपही ७१० च्या आसपास थांबतो, महाबळेश्वरला तर ६५० च्याही खाली. वातावरणच तेवढं आहे!

प्रत्यक्ष कामात थर असे: भिजवलेलं कापड, पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), छिद्रांची रिलीज फिल्म (रेझिनला न चिकटणारी), ब्रीदर (हवा वाहू देणारा आणि जास्तीचं रेझिन शोषणारा थर), पिशवी. ब्रीदर म्हणून सोफेवाल्याकडचं पॉलिएस्टर वॅडिंग चालतं. इपॉक्सीला ५०० मिमी पुरे. त्याहून जास्त ओढलं तर रेझिन ब्रीदरमध्ये जाऊन कापड कोरडं पडू शकतं. थरांच्या आत गाभा म्हणून थर्मोकोल असेल तर १५०-२०० वरच थांबा, नाहीतर तो चेपेल. पॉलिएस्टर रेझिनवर जोराचा व्हॅक्यूम नको, त्यातलं स्टायरिन हे पातळ द्रव उकळून नवे बुडबुडे होतात.

घाई होते ती उन्हाळ्यात. तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सी घट्ट व्हायचा वेळ साधारण निम्मा होतो, म्हणून मे महिन्यात स्लो हार्डनर घ्या आणि रेझिन मिसळण्याआधी सगळे थर कापून ठेवा. वीज गेली तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि ट्रॅपमधला व्हॅक्यूमचा साठा काही वेळ सांभाळतो. त्यामुळे लोडशेडिंगच्या गावात ट्रॅप मोठाच करा.

रेझिन पूर्ण घट्ट झाल्यावर पिशवी काढा आणि पील प्लाय ओढा. कडा कापताना पाणी मारत कापा, मास्क लावा. कार्बनची धूळ वीजवाहक असते, ती स्विचबोर्डात किंवा चालू ड्रिलच्या मोटरमध्ये जाऊ देऊ नका. हाताला लागलेलं इपॉक्सी थिनरने पुसू नका, साबणाने धुवा. मुळात नायट्राइलचे हातमोजे घालूनच काम करा. शेवटी पंपाचं तेल बघा: दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी शिरलंय, लगेच बदला.