घोंगडी द्या, पण खाली टाकायलाही काहीतरी द्या

नाशिकची थंडी माहितीये ना, निफाडचा पारा ५ च्या खाली गेला की इकडे गोदाघाटावर पण पहाटे हाडं गोठतात. रामकुंडाजवळ, सीबीएस बसस्टँडला, नाशिकरोड स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना आपण ब्लँकेट देतो, चांगलंच आहे, पण खालची फरशी सगळी ऊब ओढून घेते हे कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून दुकानातले जाड पुठ्ठे, गोणपाट नाहीतर जुनी सतरंजी सोबत न्या. मागे एका आजींना पुठ्ठ्याचे दोन थर अंथरून दिले, त्यांनी आधी हात फिरवून बघितला आणि मग पाय सरळ करून आडव्या झाल्या, तोवर बिचाऱ्या गुडघे पोटाशी घेऊनच बसलेल्या.

कानटोपी आणि कोरडे मोजे पण द्या, ओले मोजे आधी काढायला सांगा. झोपलेल्याला हलवून उठवू नका, शेजारी ठेवून या. आणि कुणी बरळतंय, थंडगार पडलंय, कुडकुडणं पण थांबलंय असं दिसलं तर थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा, तोवर कोरडं पांघरूण घाला. दारू अजिबात पाजू नका, त्याने अंग अजून गार पडतं.