उतारावर अंगठे ठेचतात? बुटाचं माप असं घ्या

चढताना बूट छान वाटतो आणि कळसूबाईसारख्या उतारावर अंगठ्याची नखं काळी पडतात. नुसता एक नंबर मोठा बूट घेऊन हे थांबत नाही. पाय आत आणखी सरकतो, शिवाय टाचेला फोड येतात. मला गुण आला तो माप आणि लेस दोन्ही सुधारल्यावर.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजतात. ट्रेकचेच मोजे घालून, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा आणि सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. बसून मोजू नका, वजन आलं की तळवा पसरतो. दोन्ही पाय मोजून मोठ्यावर नंबर ठरवा. यूके मापात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर असतो, त्यामुळे अर्धा नंबर मिळाला तर तोही घालून बघाच.

दुकानात आधी इनसोल, म्हणजे बुटातला सुटा तळ, बाहेर काढून त्यावर उभं राहा. पुढे सेंटिमीटरभर तरी मोकळं हवं. करंगळी कडेबाहेर जात असेल तर लांबी वाढवून उपयोग नाही, रुंद बूट शोधा. मग लेस आवळून जिना उतरा. अंगठा पुढे टेकला तर तो बूट सोडा. ‘वापरून सैल होईल’ हे लांबीला लागू नाही.

गडावरून उतरण्याआधी टाच मागे ठोकून बसवा, घोट्याच्या वळणावर लेसला दोन पीळ देऊन घट्ट करा आणि मगच वरचे हूक बांधा.