वॉशिंग मशीनचा इनलेट पाइप बदलताना काय बघून घ्यावा

मशीन बंद असलं तरी नळ उघडा असेल, तर इनलेट पाइपवर टाकीतल्या पाण्याचा दाब रात्रंदिवस असतो. म्हणून पाइप घेताना आधी आटे बघा, मग दाब. किंमत सगळ्यात शेवटी.

जुना पाइप सोबत घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा. फ्रंट लोड आणि बहुतेक फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड मशीनला मागे पाऊण इंची आटे असतात. घोळ होतो तो नळाच्या बाजूला. कुठे अर्धा इंची नळ, कुठे पाऊण इंची, तर जुन्या सिडको घरांत आटेच नसलेली साधी तोटी. अर्धा इंची नळाला पाऊण इंचीचा पितळी अडॅप्टर लावा. टेफ्लॉन टेप फक्त त्या जोडावर. साध्या तोटीला चार स्क्रूचा अडॅप्टर बसतो, पण दाब जास्त असेल तर तो निसटतो आणि घरभर पाणी होतं. अशा वेळी तोटीच बदलून आट्यांची घ्या. बेसिनखालची अर्धा इंची नळी मशीनला चालत नाही.

आता दाब. पाण्याची उंची दर 10 मीटरला सुमारे 1 बार दाब देते. घोडबंदर रोडवर किंवा खारघरला पंचवीस मजली टॉवरच्या खालच्या मजल्यांवर, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बिघडला तर 7 बारपर्यंत दाब येऊ शकतो. शिवाय मशीनचा व्हॉल्व्ह झटकन बंद होतो, तेव्हा पाण्याचा धक्का बसतो तो वेगळाच. त्यामुळे पाइपवर 20 बार असं छापलेलं हवं. आयईसी 61770 (अशा पाइपांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) दिसलं तर उत्तमच. काहीच न छापलेला पाइप स्वस्त मिळाला तरी नको. वरच्या मजल्याचं दुखणं उलटं असतं. बऱ्याच मशीनना किमान 0.3 बार, म्हणजे सुमारे 3 मीटर उंचीचं पाणी लागतं. टाकी डोक्यावरच असेल तर नवा पाइप घालून काही होत नाही, छोटा बूस्टर पंप लागतो.

ड्राय बाल्कनीत ऊन येत असेल तर पीव्हीसी कडक होऊन नटाजवळ तडकतो. वाशी, ऐरोलीत खाडीच्या दमट हवेत हलक्या प्रतीची स्टीलची जाळी गंजते आणि आतली नळी कमजोर झालेली बाहेरून कळत नाही. तिथे आत विणकाम असलेला रबरी पाइपच बरा. अ‍ॅक्वास्टॉप (गळती झाली तर पाणी आपोआप बंद करणारी सोय) असलेल्या मशीनला मात्र कंपनीचाच पाइप घ्या.

लांबी बहुधा 1.5 मीटर. कमी पडत असेल तर दोन पाइप जोडू नका, 3 मीटरचा एकच घ्या. मशीन पुढे ओढता येईल एवढी ढील ठेवा, मात्र मागे पाइप दुमडू देऊ नका.

बसवताना प्लग काढा, नळ बंद करा, खाली बादली ठेवा. मशीनच्या तोंडाची जाळी जुन्या टूथब्रशने साफ करा. पाणीपुरवठ्याच्या शटडाऊननंतर पाणी सुरू झालं की तिथेच गाळ अडकतो. जुना वॉशर चिकटून राहिलाय का ते बघा, कारण दोन वॉशर एकावर एक आले की गळती हमखास. नवा पाइप आधी नळाला जोडून बादलीभर पाणी वाहू द्या, मगच दुसरं टोक मशीनला लावा. नट हाताने घट्ट करा, नंतर पक्कडीने पाव फेरा. जास्त आवळला तर प्लास्टिकचा नट चिरतो. नळ उघडून दोन्ही जोडांभोवती कोरडा टिश्यू फिरवा आणि पहिल्या धुण्यानंतर पुन्हा एकदा.

नटाजवळ फुगवटा, गंज किंवा कडकपणा दिसला की पाइप लगेच बदला. काही दिसलं नाही तरी पाच वर्षांनी. धुणं झालं की नळ बंद करा.