लॉबीच्या कॅमेऱ्यात चेहरे काळे येतात? या चुका टाळा

चोरी झाल्यावर फुटेज उघडावं तर माणसाच्या जागी नुसती काळी आकृती! ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांची ही नेहमीची तक्रार. मग कमिटी जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा शोधायला निघते, आणि पैसे इथेच वाया जातात. मेगापिक्सेलने बारकावे वाढतात, अंधारात बुडालेला चेहरा उजळत नाही.

मूळ दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या दिशेत असतो. लॉबीतला कॅमेरा काचेच्या दाराकडे तोंड करून लावलेला असतो; बाहेर ऊन, आत सावली. तो उन्हाला सांभाळतो आणि आत येणारा माणूस काळा पडतो. वाशी-नेरूळला खाडी पश्चिमेला. त्या बाजूच्या मोकळ्या गेटवर संध्याकाळचं तिरपं ऊन थेट लेन्समध्ये शिरतं. ठाण्यात खाडी पूर्वेला, म्हणून तिकडच्या गेटला हाच त्रास सकाळी. आधी कॅमेरा बाजूच्या भिंतीवर घ्या, थोडा खाली झुकवा, आकाश चौकटीबाहेर काढा. याला खर्च जवळजवळ नाही.

जागा बदलणं शक्यच नसेल तर डब्ल्यूडीआर (वाइड डायनॅमिक रेंज) हवा, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवणारी कॅमेऱ्याची सोय. खरा डब्ल्यूडीआर एकच दृश्य कमी आणि जास्त एक्सपोजरने (कमी-जास्त उजेड आत घेऊन) टिपून दोन्ही जोडतो. खोक्यावर १२० डीबी लिहिलेलं असेल तर सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागात १० लाख पटींचा फरक पेलण्याचा तो दावा असतो. ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ मात्र टिपलेल्या चित्राचाच काळा भाग उजळतो, सोबत दाणेही वाढवतो. दोन्हींत गल्लत करू नका.

डब्ल्यूडीआर पूर्ण वाढवून चोवीस तास चालू ठेवणं ही सर्रास होणारी चूक. रात्री चित्र दाणेदार होतं, चालत्या माणसाच्या कडा दुहेरी दिसतात. दिवसाचं आणि रात्रीचं प्रोफाइल (सेटिंगचा संच) वेगळं करा. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत असतील तर फ्लिकर सेटिंग ६० हर्ट्झवर राहिलंय का बघा. आपली वीज ५० हर्ट्झची.

गेटवर हेडलाइट पडले की नंबर प्लेट पांढरी होते. तिथे एचएलसी (झगझगीत उजेड दाबणारी सेटिंग) आणि वेगवान शटर लागतं, पण त्याच सेटिंगमध्ये रात्री चेहरा अंधारात जातो. एकाच कॅमेऱ्यावर दोन्ही कामं ढकलू नका, नंबरसाठी वेगळा लावा.

रात्री कॅमेरा स्वतः सोडतो त्या इन्फ्रारेड प्रकाशाच्या वाटेत जवळची पांढरी भिंत किंवा कोळ्याचं जाळं आलं की मागचं सगळं काळं पडतं. पावसाळ्यात जाळी काढत राहा.

कॅमेरे बसवणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्याआधी ऊन समोरून येतं त्या वेळेचं आणि रात्री गाडी आत येतानाचं फुटेज बघा. तेही लाइव्ह नको, रेकॉर्ड झालेलं.