परदेशात पोरांकडं जायचंय? मग आधी कागदं जुळवा

आपल्याकडं आता गावागणिक कुणाचा तरी पोरगा जर्मनीला नाहीतर पोरगी अमेरिकेला असतेच आणि दिवाळी झाली की फोनवर विषय निघतो, आई-बाबा यंदा उन्हाळ्यात या म्हणून. तिकडून तिकिटाची घाई आणि इकडं पासपोर्टचाच पत्ता नाही. नेटवर माहिती ढिगानं आहे पण ती सगळी पगारदार माणसाला धरून, सॅलरी स्लिप लावा, फॉर्म १६ लावा, ऑफिसचं रजेचं पत्र लावा. आपला कारभार ऊस, द्राक्ष, दूध, पेन्शन आणि सोसायटीचा, तो व्हिसा ऑफिसरला समजंल असा कसा मांडायचा हे कुणी सांगत नाही. म्हणून सातारा-सांगलीच्या हिशोबानं लिहितोय.

पासपोर्टपासून सुरुवात. अर्ज पासपोर्ट सेवाच्या सरकारी साइटवर भरायचा, ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, तत्काळ असेल तर वर आणखी २०००. साताऱ्यात आणि सांगलीत पोस्टातच केंद्र आहे त्यामुळं अपॉइंटमेंट तिथली मिळाली तर पुण्याला जायची गरज नाही, अर्जात पासपोर्ट ऑफिस मात्र पुण्याचंच निवडायचं. नंतर पोलीस व्हेरिफिकेशन गावच्या ठाण्यातून होतं, त्या आठवड्यात देवदर्शनाला निघून जाऊ नका. पासपोर्ट आधीच असेल तर मुदत बघा. दुबई, थायलंड, सिंगापूर, मलेशिया ही मंडळी पोचायच्या तारखेपासून सहा महिने शिल्लक मागतात, आणि युरोपच्या शेंगेन देशांना (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं ते देश) परतीच्या तारखेनंतर तीन महिने लागतात, शिवाय पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी.

आता खरी गोम, नावाची आणि जन्मतारखेची. आपल्या मागच्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून लावलेली असते, आधारवर १ जानेवारी असतं आणि खरी तारीख आज्जीला फक्त "बेंदराच्या आदल्या दिवशी" एवढीच ठाऊक. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव ज्ञानू, आधारवर ज्ञानदेव. आईचं शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, पॅनवर तिसरंच स्पेलिंग. पासपोर्टच्या अर्जाला बसायच्या आधी हे सगळे कागद टेबलावर पसरून एकदा जुळवा, आधार-पॅन-बँक दुरुस्त होतं ते करून घ्या, जे जुनं आहे आणि होणार नाही त्याला दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. आणि पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना कधीच रिकामा सोडू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये युएईनं (दुबई ज्या देशात आहे तो) नुसतं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसानं येणाऱ्यांना अडवायला सुरुवात केली तेव्हा लोकांची तारांबळ उडाली होती. तिकीट काढतानासुद्धा पासपोर्टवर जसं आहे तसंच, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाच्या रकान्यात असेल तर तिकिटावरही तिथंच.

देश कुठला त्यावर पुढचं ठरतं. सोपे देश पटकन सांगतो. नेपाळ-भूतानला व्हिसा नाही, पासपोर्ट किंवा मतदान कार्ड चालतं (नुसत्या आधारवर विसंबू नका). थायलंडनं जुलै २०२४ पासून आपल्याला बिनव्हिसा ६० दिवस दिले, मलेशियानं डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस, पण या सवलती वर-खाली होत असतात त्यामुळं तिकिटाआधी त्या देशाच्या वकिलातीची साइट बघायचीच. बिनव्हिसा म्हणजे बिनकागदाचं नाही हेही ध्यानात ठेवा. थायलंडला १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे येण्याआधीचा ऑनलाइन फॉर्म, भरावं लागतं, मलेशियाचं असंच वेगळं आहे, सिंगापूरला तर व्हिसा पण लागतो आणि कार्ड पण. ही कार्डं पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची आणि ती फुकट असतात. गूगलवर वरच दिसणारी एखादी साइट त्याचे पैसे मागत असेल तर ती सरकारी नाही, बंद करा. व्हिएतनामचा ई-व्हिसापण तसाच, सरकारी साइटवर एकदा जायचा २५ डॉलर, मधल्या साइटवाले त्याचे दुप्पट-तिप्पट घेतात.

युरोप, इंग्लंड, अमेरिका हे मात्र बसून करायचं काम.

या देशांच्या ऑफिसरच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, हा माणूस परत जाईल का. पोरानं तिकडं केवढं घर घेतलंय हे त्याला फार सांगून उपयोग नाही, उलट तुमचं इथं काय आहे ते दाखवा. शेतीवाल्यांची अडचण अशी की शेतीच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्स नाही म्हणून बऱ्याच जणांनी रिटर्न कधी भरलेलंच नसतं आणि मग कागदोपत्री माणूस कफल्लक दिसतो, दारात दोन ट्रॅक्टर असले तरी. तर करायचं असं की डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ काढा, महाभूमीच्या साइटवर सातबारा १५ रुपयांत निघतो. कारखान्याची ऊसबिलं जमा झालेल्या बँक खात्याचं तीन ते सहा महिन्यांचं स्टेटमेंट घ्या, त्यात कारखान्याच्या नावानं आलेल्या रकमेवर पेन्सिलनं खूण करा आणि त्याच बिलाची पावती मागं लावा म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हा पैसा दर हंगामाला येतो. संघाच्या दुधाचं बिल येत असेल तर तेही. आणि आता शहाणपण म्हणून शेतीचं उत्पन्न दाखवून रिटर्न भरायला सुरुवात करा, टॅक्स शून्य आला तरी पुढच्या खेपेला कामाला येतं.

पतसंस्थेतली ठेव जोडायला हरकत नाही पण नुसत्या तेवढ्यावर भिस्त ठेवू नका, गावच्या पतसंस्थेचं हातानं भरलेलं पासबुक लंडनच्या माणसाला काय कळणार. नॅशनलाइज्ड नाहीतर शेड्यूल्ड बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट वर ठेवा, पतसंस्था खाली. रिटायर्ड गुरुजी, एसटीवाले, फौजी, यांचं पेन्शन ऑर्डर आणि पेन्शन येणारं खातं म्हणजे सोनं, ते आधी लावा. पण अर्जाच्या आठ दिवस आधी पाव्हण्याकडून पाच लाख उसने घेऊन खात्यात टाकायचा उद्योग करू नका, तो सगळ्यांना माहीत झालाय, अचानक आलेली मोठी रक्कम दिसली की शंका घेतात.

मराठीतले कागद तसेच दिले तर उपयोग नाही. इंग्लंडच्या अर्जाला भाषांतर पूर्ण आणि बरोबर असल्याचं भाषांतर करणाऱ्यानं लिहून द्यावं लागतं, तारीख, नाव, सही आणि संपर्क घालून. सातबाऱ्याचं भाषांतर करणारा माणूस शेतीतला कळता बघा, पोटखराबा आणि इतर हक्क हे त्याला नीट लिहिता आलं पाहिजे.

शेंगेनचं थोडं सविस्तर. ज्या देशात जास्त दिवस मुक्काम त्या देशाकडं अर्ज, सगळीकडं सारखेच दिवस असतील तर जिथं पहिल्यांदा उतरणार तिथला. कुठल्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलतीकडं अर्ज करायचा सल्ला एजंट देतात, तो ऐकू नका. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण मे महिन्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीतच लागा. फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो, अर्ज जमा करून घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा. किमान ३०,००० युरोचा प्रवासी विमा सक्तीचा, आणि आई-बाबांना बीपी-शुगर असेल तर ते विम्यात लपवू नका, नाहीतर क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करते. पोरगा जर्मनीत असेल तर तो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून खर्चाची औपचारिक हमी काढून पाठवू शकतो, फ्रान्समध्ये मुक्कामाचा दाखला तिथल्या नगरपालिकेतून मिळतो. हे तिकडचे कागद मिळायलाच वेळ जातो म्हणून पोराला आधी कामाला लावा.

बऱ्याच देशांचे अर्ज पुण्यात जमा होतात, काहींना मुंबईच गाठावी लागते. पुण्याचं असेल तर साताऱ्याहून सकाळी निघून भागतं पण सांगलीकरांनी आदल्या रात्रीच मुक्कामाला जावं, खंबाटकी घाटात ट्रक आडवा झाला की अपॉइंटमेंट गेली. तिथं बोटांचे ठसे घेतात. शेतात राबलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात, रेशनच्या मशीनवर ज्यांचा अंगठा उठत नाही त्यांनी चार-पाच दिवस आधीपासून हाताला क्रीम चोळावं, आणि लग्नसराई असली तरी मेंदी नको. शेंगेनसाठी दिलेले ठसे ५९ महिने चालतात. फोटोचं माप पण स्टुडिओवाल्याला सांगा, शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच, "पासपोर्ट साइज द्या" एवढ्यानं भागत नाही.

अमेरिकेचा प्रकार वेगळा, तिथं कागदांपेक्षा बोलण्यावर जास्त. डीएस-१६० नावाचा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, १८५ डॉलर फी, ठसे-फोटो वेगळ्या दिवशी आणि मुलाखत मुंबईत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल) अमेरिकेच्या वकिलातीत. मुलाखत दोन-चार मिनिटांत आटपते आणि तुमची फाइल उघडूनही बघत नाहीत बऱ्याचदा. मराठीत बोलायची सोय असते ती सरळ मागा, काकूंनी उगाच पाठ केलेलं इंग्रजी बोलायला जाऊ नये. कुणाकडं, तो काय करतो, किती दिवस, खर्च कोण करणार, इथं मागं कोण बघतंय. याची खरी आणि थोडक्यात उत्तरं घरच्या घरी बोलून ठेवा आणि नवरा-बायकोचं उत्तर एकच येऊ द्या, एक म्हणतोय दोन महिने आणि दुसरी म्हणतेय पोरगी म्हणेल तेवढे दिवस, मग संपलं. आधी कुठल्या देशानं व्हिसा नाकारला असेल तर लपवू नका. आणि "गॅरंटीनं व्हिसा" म्हणणाऱ्या एजंटाला दारातनंच परत पाठवा, गॅरंटी कुणाच्याच हातात नसते. आखातात व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर नोकरी लावतो म्हणणाऱ्याला तर चहापण देऊ नका.

वाटेत विमान बदलायचं असेल तर तेवढ्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो, लंडनहून पुढं जाणाऱ्या भारतीयांना विमानतळाबाहेर न पडताही साधारण लागतोच. स्वस्त तिकीट दिसलं की आधी बघा विमान कुठून जातंय.

व्हिसा हातात आला की स्टिकर वाचा. शेंगेनच्या स्टिकरवर पासून-पर्यंत तारखा असतात आणि खाली दिवसांचा वेगळा आकडा, तारखा ४५ दिवसांच्या आणि आकडा ३० असेल तर राहायचं ३०च दिवस. नाव-पासपोर्ट नंबर चुकला असेल तर तिथल्या तिथं सांगा.

बॅग भरताना आईला आवरा. खसखस युएईमध्ये बंदी असलेल्या वस्तूंत आहे, म्हणजे दुबईला अनारसे आणि खसखस घातलेले डिंकाचे लाडू न्यायचे नाहीत, विषय संपला. साताऱ्याचे कंदी पेढे ऑस्ट्रेलियाला चालत नाहीत, तिथल्या बंदीच्या यादीत पेढा-बर्फी नावानिशी आहेत. युरोपातसुद्धा बाहेरून दुधाचे पदार्थ, मांस आणता येत नाही म्हणून तूपही घरीच. भडंग, बेदाणा, हळद हे नेताना पॅकबंद न्या, आणि फॉर्मवर खायचं आहे का विचारलं तर हो म्हणायचं, हो म्हटल्यानं फार तर काढून घेतात, नाही म्हणून सापडलं तर दंड. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी सोबत आणि हातातल्या बॅगेत, कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली गोळी आखाताला परवानगीशिवाय नको. आईनं पाटल्या-ठुशी घालून जायचं ठरवलंच असेल तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परत येताना हे इथलंच आहे म्हणून पटवत बसावं लागतं. खरं तर घरी ठेवलेलं बरं.

पोचल्यावर इमिग्रेशनच्या खिडकीवर परत तेच प्रश्न होतात, कारण व्हिसा असला तरी आत घ्यायचं का आणि किती दिवस हे तो खिडकीतला माणूस ठरवतो. पोराचा पत्ता, फोन, परतीचं तिकीट आणि विमा एका कागदावर इंग्रजीत छापून बाबांच्या खिशात ठेवा, मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. युरोपात ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी मशीनवर फोटो-ठसे घ्यायला सुरुवात झालीय, त्यामुळं किती दिवस राहिलात हे कॉम्प्युटरच मोजतो, १८० दिवसांत ९० याच्या वर एक दिवसही नाही. अमेरिकेत दहा वर्षांचा व्हिसा असला तरी राहायची मुदत आय-९४ वर, म्हणजे तिथं शिरताना होणाऱ्या सरकारी नोंदीवर असते, घरी पोचल्यावर पोराला सांगून ती ऑनलाइन बघून घ्या आणि प्रिंट काढा. त्या तारखेपुढं राहिलात तर दहा वर्षांचा व्हिसा तिथंच रद्द होतो. तब्येतीमुळं किंवा काही कारणानं निघणं लांबणार असेल तर मुदत संपायच्या आधी मुदतवाढीचा अर्ज टाकायचा, संपल्यावर नाही.