भोगीपासून उलटे दिवस मोजा, मग बी टोका

सोलापूरची थंडी अंगाला लागते तोवर तिचे निम्मे दिवस सरलेले असतात. दिवाळीनंतर पहाटे गारवा येतो, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत टिकतो आणि निम्मा फेब्रुवारी गेला की दुपार पुन्हा ३३-३४ अंशांवर जाते. म्हणजे वाटाणा, गाजर, फुलकोबी यांना मानवणारे दिवस जेमतेम नव्वद. तिकडे लाहौल-स्पीतीत बर्फामुळे हंगाम असाच आखूड असतो, म्हणून बर्फ वितळताच तिथे वाटाण्याची पेरणी उरकतात. आपल्याकडे बर्फाच्या जागी ऊन आहे, एवढाच फरक.

म्हणून थंडी पडायची वाट बघू नका. मी दोन वर्षं गारठा चांगला जाणवल्यावर, डिसेंबरात वाटाणा टोकला. वेल जोमानं वाढले, पण फुलं आली ती फेब्रुवारीच्या उन्हात. बरीच सुकून गळाली आणि लागल्या त्या शेंगांत दोन-तीनच दाणे भरले. बियाण्यात खोट नव्हती, तारीख चुकली होती.

तेव्हापासून मी भोगीवरून मागे मोजतो. भोगी साधारण १३ जानेवारीला. गाजराला ९० ते १०० दिवस लागतात, म्हणून ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. अर्केलसारखा लवकर येणारा वाटाणा ६० ते ६५ दिवसांत तोडणीला येतो, तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टोकला पाहिजे. मेथी महिन्याभरात निघते. ती एकदम न पेरता दर दहा-बारा दिवसांनी एकेक वाफा पेरा.

खरी अडचण ऑक्टोबरची. परतीचा पाऊस लांबला की काळ्या रानाला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, येत नाही आणि मोलाचे पंधरा दिवस हातचे जातात. त्यासाठी सप्टेंबरच्या उघडिपीतच वीतभर उंचीचे गादीवाफे करून ठेवा, त्यांत लवकर वाफसा येतो. कोबी-फुलकोबीची रोपं तोवर ट्रेमध्ये कोकोपीटवर, पडवीत वाढू द्या. रोप २५ ते ३० दिवसांचं झालं की लावा. ट्रेमध्ये रेंगाळलेल्या रोपाला लिंबाएवढाच गड्डा धरतो.

गाजराला मात्र जीव लावावा लागतो. काळ्या चिकट मातीत त्याला फाटे फुटतात, म्हणून वाफ्यात वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा, ताजं शेण अजिबात नको. बी तळहातावर चोळून त्याची कुसं काढा, कोरड्या वाळूत मिसळून ओळीत सोडा आणि वर ओलं गोणपाट अंथरा. उगवायला दहा-बारा दिवस लागतात. सहाव्या दिवसापासून रोज सकाळी गोणपाटाची कड उचलून बघा. पांढरे कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा. एक दिवस उशीर झाला तरी कोंब गोणपाटाच्या धाग्यांत अडकून तुटतात. पुढे दोन बोटांचं अंतर ठेवून विरळणी करा. उपटताना हात कचरतो, पण दाटीत गाजर पोसत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास उतरला तर संध्याकाळी विहिरीचं किंवा बोअरचं हलकं पाणी द्या, ते रात्रीच्या हवेपेक्षा कोमट असतं. ओळींमध्ये उसाचं पाचट पसरा. कडबा जनावरांना राहू द्या.

वाटाण्याच्या पानांवर पिठासारखे ठिपके दिसले की तो भुरी रोग. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन सकाळच्या गारव्यात फवारा, भर उन्हात फवारल्यास पानं करपतात. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, ते पुडीवर वाचून पाळा. कोबीची पानं उलटून मावा ही बारीक कीड बघत जा. सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क मारला तर आटोक्यात राहतो.

मेथी-कोथिंबिरीचा शेवटचा वाफा जानेवारीअखेर. त्यानंतर मोकळ्या झालेल्या वाफ्यांत गवार आणि भेंडी टोका. पाचट तिथेच राहू द्या, मार्चच्या उन्हात तेच ओल धरून ठेवील.