व्हीएचएस कॅसेट डिजिटल करताना चित्र चांगलं यायचं असेल तर

चित्राचा दर्जा व्हीसीआरवर ठरतो, संगणकावर नव्हे. शक्यतो एस-व्हिडिओ (उजेड आणि रंग वेगळे नेणारं) आउटपुट असलेला एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) व्हीसीआर मिळवा. पिवळ्या कंपोझिट केबलमध्ये उजेड आणि रंग यांचे सिग्नल एकत्र होतात आणि कडांवर ठिपके रांगू लागतात.

कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट अजिबात लावू नका; टेप वाचणारं हेड घाण होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटवरही जाईल. बाकीच्या एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळा, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो.

उभ्या कडा थरथरत्या, वाकड्या दिसतात? चित्राच्या प्रत्येक आडव्या ओळीची वेळ किंचित चुकतेय. त्यावर इलाज लाइन टीबीसी (टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलची वेळ सुधारणारं उपकरण), तोही कॅप्चरच्या, म्हणजे संगणकावर उतरवण्याच्या, आधी. नंतर सॉफ्टवेअरने सहसा जमत नाही. फ्रेम गळून आवाज पुढेमागे सरकत असेल, तर मात्र फ्रेम टीबीसी लागतो. ही दोन वेगळी कामं आहेत, गल्लत नेहमीची.

पाल टेप (भारत, युरोपातली टीव्ही पद्धत) ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेमने घ्या. एनटीएससी (अमेरिका, जपानमधली) ७२० × ४८०, २९.९७ ने. कोडेक (व्हिडिओ साठवण्याची पद्धत) हफवाययूव्ही, यात चित्राचा काहीही भाग गमावत नाही; तासाला साधारण ३५ जीबी. थेट एच.२६४ (फाइल लहान करणारा कोडेक) केलं तर बिटरेट (सेकंदाला मिळणारा डेटा) टेपच्या चित्रातली दाणेदार मुरमुर जपण्यातच खर्ची पडतो. डीइंटरलेस, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये गुंफलेली दोन अर्धी चित्रं सुटी करणं, नंतर, क्यूटीजीएमसी या सॉफ्टवेअर फिल्टरने. पालसाठी सेकंदाला ५० फ्रेम ठेवा, हालचाल गुळगुळीत राहते.

चित्राच्या तळाची फाटकी पट्टी व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाताना उमटते, टेपचा दोष नाही. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती लपायची. कापू नका, काळी करा. आकार तोच राहतो.